खिशातलं पिस्तूल आधी रेंजवर पारखा

तुमसरचे राइस मिलवाले, भंडाऱ्यातले सराफ, साकोली-लाखनीच्या महामार्गावरचे पेट्रोल पंपचालक. या मंडळींकडून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येत राहतो. स्वसंरक्षणाचा परवाना मिळाला, छोटं पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर घेतलं, परवान्यावर शस्त्राचा नंबर चढला आणि शस्त्र कपाटात गेलं. आता ते चालतं की नाही, हे कुठे बघायचं? शेतावर दोन बार काढून पाहिले तर चालेल का? रेंजवर नेलं तर ते आपलं शस्त्र आत घेऊ देतात का? वाटेत पोलिसांनी अडवलं तर?

या प्रश्नांमागची काळजी रास्त आहे. एकदाही न झाडलेलं पिस्तूल जवळ बाळगणं म्हणजे संरक्षणाची नुसती समजूत बाळगणं. हा लेख वैध परवाना असलेल्यांसाठी आणि परवान्याचा अर्ज करू पाहणाऱ्यांसाठी आहे. विनापरवाना शस्त्र चाचणीसाठीही हातात घेऊ नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर शस्त्र कायद्याच्या कलम २५ खाली विनापरवाना बंदूक बाळगण्याची किमान शिक्षा दोन वर्षांची आहे. पीक संरक्षणासाठी मिळालेली ठासणीची बंदूक हा वेगळा विषय आहे, इथलं सगळं तिला लागू पडणार नाही.

शेतात, तलावाच्या पाळीवर, लग्नात: कुठेच नाही

सर्वांत मोठा गैरसमज इथे आहे. "आपली बांधी, आपला धुरा, आजूबाजूला कोणी नाही, मग कोणाची हरकत?" असं अनेकांना वाटतं. परवाना शस्त्र बाळगण्याचा आणि स्वसंरक्षणाचा असतो. आपल्या मालकीच्या जमिनीला चांदमारीचं मैदान करण्याची परवानगी त्यातून मिळत नाही. निष्काळजीपणे किंवा आनंदाच्या भरात गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घातला, तर कलम २५ च्या पोटकलम ९ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. लग्नातले बार याच तरतुदीत येतात. शिवाय परवान्याच्या अटीचा भंग हा कलम ३० खाली वेगळा गुन्हा आहे आणि कलम १७ खाली परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो.

कायदा बाजूला ठेवला तरी धोका उरतोच. .३२ च्या छोट्या पिस्तुलाची गोळीसुद्धा मोकळ्यात किलोमीटरभर जाऊ शकते. कडक जमीन, दगड किंवा पाण्याचा पृष्ठभाग यांवर ती आपटून भलतीकडे वळते. मामा तलावाच्या पाळीवर नारळ ठेवून नेम धरणाऱ्याला पाण्यापलीकडच्या बांधीत रोवणी करणाऱ्या बाया दिसत नाहीत. रेंजवर लक्ष्यामागे मातीचा उंच बांध असतो. चुकलेली गोळी अडवायला तो असतो, आणि तो तुमच्या शेतात नाही.

रेंज शोधताना हे चार प्रश्न विचारा

महाराष्ट्रात नेमबाजीची संघटना वरून खाली अशी आहे: १९५१ साली स्थापन झालेली राष्ट्रीय रायफल संघटना, तिच्याखाली महाराष्ट्र रायफल असोसिएशन आणि त्यांच्याशी संलग्न जिल्हा संघटना व क्लब. मुंबईत वरळीला आणि पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात मोठ्या रेंज आहेत, पण भंडाऱ्याहून चाचणीसाठी तिथे जाणं परवडणारं नाही. तुमचा पहिला शोध जिल्ह्यात आणि नागपुरात हवा.

एक अडचण आधीच समजून घ्या. "शूटिंग रेंज" अशी पाटी असलेल्या बऱ्याच ठिकाणी फक्त दहा मीटरची एअर रायफल आणि एअर पिस्तूल चालतं. तिथे तुमच्या .३२ चा उपयोग नाही. म्हणून गाडी काढण्याआधी फोनवर विचारा:

- तुमच्याकडे दारूची काडतुसं झाडण्याची परवानगी आहे का, की फक्त हवेची शस्त्रं?
- .३२ बोअर चालतं का? पंचवीस मीटरवर सेंटर फायर पिस्तूलचा प्रकार जिथे खेळला जातो, तिथे हे बोअर नवीन नसतं.
- सभासद नसलेल्या परवानाधारकाला स्वतःचं शस्त्र आणि काडतुसं आणू देता का? सभासद व्हायला हवं असेल तर प्रक्रिया काय, किती दिवसांची?
- रेंज अधिकारी किंवा प्रशिक्षक त्या वेळी हजर असेल का?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर "नाही" आलं तर तिथे जाऊ नका. पहिल्या चाचणीला जाणकार माणूस शेजारी उभा असलाच पाहिजे.

दुसरा मार्ग पोलीस दलाचा. शस्त्र नियम, २०१६ नुसार परवान्यासाठी अर्ज करणाऱ्याला शस्त्र हाताळणीचं सुरक्षा प्रशिक्षण घ्यावं लागतं. तुमच्या जिल्ह्यात ते कोण देतं, त्यात प्रत्यक्ष गोळीबार असतो का, आणि परवानाधारकाला पुढे सरावाची सोय मिळू शकते का, हे जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत आणि पोलीस अधीक्षक कार्यालयात लेखी अर्ज करून विचारा. तोंडी विचारलेलं तोंडीच विरतं. अर्जाची पोच घ्या.

ज्यांनी अजून शस्त्र घेतलेलं नाही, त्यांनी दहा मीटर एअर पिस्तुलापासून सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे. ४.५ मिलिमीटरपर्यंतचं आणि वीस ज्यूलपर्यंत ताकदीचं हवेचं पिस्तूल परवान्याच्या अटीतून वगळलेलं आहे. मूठ धरणं, नळीच्या टोकावरची माशी आणि मागची खाच जुळवणं, चाप सावकाश दाबणं हे सगळं त्यावर शिकता येतं. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवलं. त्या पातळीवर जायची गरज नाही, पण त्या खेळाची शिस्त हाताला लागली तर स्वसंरक्षणाचं शस्त्र हातात थरथरत नाही.

छोटं शस्त्र चालवायला अवघड का

दुकानात छोटं पिस्तूल सोपं वाटतं. हलकं आहे, खिशात मावतं, बायकांच्या हातालाही बसतं असं विक्रेते सांगतात. रेंजवर उलटं घडतं.

नळी आखूड म्हणजे माशी आणि खाच यांतलं अंतर कमी. हे अंतर वीस सेंटिमीटर असेल आणि माशी एक मिलिमीटर सरकली, तर सात मीटरवर गोळी साडेतीन सेंटिमीटर चुकते. अंतर दहा सेंटिमीटर असेल तर तीच चूक सात सेंटिमीटरची होते. दिवाणखान्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतच्या अंतरात एवढा फरक पडतो.

वजन कमी म्हणजे धक्का जास्त. कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने २०१४ मध्ये बाजारात आणलेलं 'निर्भीक' हे .३२ चं रिव्हॉल्व्हर टायटॅनियम मिश्रधातूचं आणि जेमतेम अर्धा किलोचं आहे. इशापूरच्या रायफल फॅक्टरीचं .२२ चं 'निडर' तर सुमारे २५० ग्रॅमचं. बाळगायला सोयीची शस्त्रं आहेत ही, पण एका हातात ती उडी मारतात. मूठ आखूड असल्याने करंगळीला जागा मिळत नाही आणि दुसऱ्या बाराला पकड बदललेली असते. चापही खेळाच्या पिस्तुलापेक्षा बराच कडक असतो. तो ओढताना नळी खाली झुकते आणि गोळी लक्ष्याच्या खाली जाते. तसं झालं की शस्त्र सदोष आहे असं म्हणू नका, आधी बोट तपासा.

काडतूस: एकाच आकड्याची दोन वेगळी काडतुसं

परवान्यावर ".३२" एवढंच पाहून काडतुसं घेणारे फसतात. पिस्तुलाचं .३२ काडतूस ७.६५ × १७ मिलिमीटरचं, रिव्हॉल्व्हरचं ७.६५ × २३ मिलिमीटरचं. ही एकमेकांना चालत नाहीत. खोक्यावरचं पूर्ण नाव वाचा आणि शस्त्रासोबतच्या पुस्तिकेशी ताडून पाहा.

देशी काडतुसांच्या बुडावर इंग्रजी 'के' आणि 'एफ' ही अक्षरं दिसतात. ती पुण्याजवळच्या खडकी दारूगोळा कारखान्याची खूण. परवान्यावर एका वेळी किती आणि वर्षाला किती काडतुसं ठेवता येतील हे लिहिलेलं असतं. चाचणीसाठी जास्त लागणार असतील तर आधी तो आकडा वाचा, मग खरेदी करा.

हिरवट डाग पडलेलं, चेपलेलं किंवा गोळी आत-बाहेर सरकलेलं काडतूस वापरू नका. वडिलांच्या परवान्यावरची वीस वर्षांपूर्वीची काडतुसं "अजून नवीच आहेत" म्हणून मॅगझिनमध्ये भरू नका. ती तुमच्या परवान्यावर नसतील तर बाळगणंच बेकायदा, आणि असली तरी भरवशाची नाहीत.

.३२ पिस्तुलाच्या काडतुसाची एक खोड लक्षात ठेवा. त्याच्या बुडाची कड किंचित बाहेर आलेली असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे अडकली की ते पुढे सरकत नाही आणि पिस्तूल ठप्प होतं. भरताना प्रत्येक काडतूस पूर्ण मागे ढकला आणि वरची कड खालच्या कडेच्या पुढे आहे हे डोळ्यांनी पाहा. "पिस्तूल अडकतं" ही तक्रार कधीकधी एवढ्याने मिटते.

रेंजवर नेताना

१. शस्त्र रिकामं, मॅगझिन बाहेर, दोन्ही कुलपाच्या पेटीत. काडतुसं वेगळ्या डब्यात.

२. मूळ परवाना जवळ ठेवा, झेरॉक्स नव्हे. त्यावर यूआयएन (युनिक आयडेंटिफिकेशन नंबर) आहे आणि मुदत संपलेली नाही, हे आदल्या दिवशी बघा. कलम १९ नुसार पोलीस अधिकारी परवाना दाखवायला सांगू शकतात आणि तो दाखवणं तुमचं कर्तव्य आहे.

३. परवाना कुठवर चालतो ते वाचा. काहींचा जिल्ह्यापुरता असतो, काहींचा राज्यभर. जिल्ह्यापुरता असेल तर नागपूरची रेंज तुमच्यासाठी बंद आहे, क्षेत्र वाढवून घेईपर्यंत. तुमसरहून बालाघाटकडे किंवा देवरीमार्गे छत्तीसगडकडे जाणाऱ्यांनी तर राज्याची हद्द लक्षात ठेवलीच पाहिजे.

४. नाकाबंदीत अडवलं तर हात स्टिअरिंगवर ठेवून आधी सांगा: "मी परवानाधारक आहे, शस्त्र रिकामं आहे आणि मागे पेटीत आहे." सांगितल्याशिवाय पेटीकडे हात नेऊ नका.

५. वाटेत बार, लग्न, सभा, देवस्थान असा कुठलाही मुक्काम नको. घर ते रेंज आणि रेंज ते घर.

शस्त्र तुमच्याऐवजी भावाने किंवा ड्रायव्हरने रेंजवर नेऊन झाडणं चालणार नाही. कलम ३ मध्ये दुसऱ्याने शस्त्र नेण्याची जी मर्यादित सूट आहे ती दुरुस्तीसाठी, परवाना नूतनीकरणासाठी किंवा परवानाधारकाच्या स्वतःच्या वापरासाठी आहे, तीही तुमच्या समक्ष किंवा तुमच्या लेखी अधिकारपत्रावर. नेणाऱ्याने स्वतः झाडून पाहण्यासाठी नाही.

चाचणी कशी करायची

काडतुसं महाग आहेत आणि मोजकी मिळतात, म्हणून योजना करून जा. पन्नास काडतुसांत पिस्तुलाची बऱ्यापैकी पारख होते. डोळ्यांना चष्मा, कानांना संरक्षण, अंगात बंद गळ्याचा शर्ट (तापलेली टरफलं गळ्यातून आत जातात आणि माणूस पिस्तुलासकट वळतो, हे फार धोक्याचं आहे).

घरी, रिकाम्या शस्त्रावर आधी हे बघून घ्या: नळीत तेलाचा थर किंवा कपड्याचा धागा नाही, स्लाइड मोकळी सरकते, मॅगझिन आपोआप गळून पडत नाही, सेफ्टी लावल्यावर चाप घोडा सोडत नाही. दोन मॅगझिन असतील तर त्यांना एक आणि दोन असे नंबर लिहा. पुढे बिघाड झाला तर दोष पिस्तुलात की मॅगझिनमध्ये, हे त्यावरूनच कळतं.

रेंजवर पहिली दहा काडतुसं आधी एकेक करून. मॅगझिनमध्ये एकच भरा, झाडा, स्लाइड मागे अडकते का पाहा (सगळ्या पिस्तुलांत ती सोय नसते), टरफल उचलून त्याच्या बुडावरचा ठसा पाहा. ठसा मधोमध आणि खोल हवा. मग याच दहातली उरलेली दोन-दोन भरा. एकदम पूर्ण मॅगझिन भरायची घाई नको. दोन-दोन भरण्याचं कारण, पिस्तूल सदोष असेल आणि एका चापाला दोन बार निघाले, तर तिसरं आत नसतं.

पुढची वीस पूर्ण मॅगझिनने, दोन्ही मॅगझिन आलटून पालटून, पाच मीटरवर. इथे नेमाची फिकीर करू नका. शस्त्र अडकतं का, एवढंच बघा.

शेवटची वीस तुम्ही रोज जवळ बाळगणार त्याच खोक्यातली. तीन, पाच आणि सात मीटर अशा अंतरांवर, सावकाश. सात मीटरवर सगळ्या गोळ्या ताटाएवढ्या वर्तुळात पडल्या तर छोट्या पिस्तुलासाठी ते पुरेसं आहे. पंचवीस मीटरचा हट्ट या शस्त्राकडून धरू नका.

मूठ धरताना एक चूक हमखास होते. दुसऱ्या हाताचा अंगठा स्लाइडच्या मागे जातो आणि पहिल्याच बाराला कातडी सोलून निघते. दोन्ही अंगठे एकाच बाजूला, पुढे रोखलेले ठेवा. नळी इतकी आखूड असते की आधाराचं बोट सहज तोंडापुढे जातं, तेही बघा. मनगट ढिलं ठेवलं तर स्लाइड पूर्ण मागे जात नाही आणि टरफल खिडकीत उभं अडकतं. स्लाइड ओढायला जड जाते अशी तक्रार असलेल्यांनी ती ओढण्याऐवजी पकडून ठेवावी आणि मूठ पुढे ढकलावी. सगळ्या शरीराचा जोर मिळतो. तरीही जमलं नाही तर शस्त्र तुमच्यासाठी नाही. रिव्हॉल्व्हरचा विचार करा.

रिव्हॉल्व्हरची चाचणी थोडी वेगळी. चक्राच्या प्रत्येक खान्याला खडूने खूण करा आणि कोणत्या खान्यावर ठसा उथळ पडतो ते लिहा. चक्र आणि नळी यांच्यामधल्या फटीतून तप्त वायू बाजूला उडतो, तिथे बोट ठेवू नका. हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये धक्क्याने शेवटच्या काडतुसाची गोळी टरफलातून पुढे सरकू शकते आणि चक्र अडतं. म्हणून पाच झाडून सहावं बाहेर काढा आणि न झाडलेल्या काडतुसाशी लांबी ताडून पाहा.

बार न निघाल्यास किंवा वेगळा निघाल्यास

भंडाऱ्याच्या वाचकांना दारूगोळ्याची ताकद वेगळी सांगायला नको. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत गोळ्यांना ढकलणारी दारू तयार होते, आणि २४ जानेवारी २०२५ च्या तिथल्या स्फोटात आपल्या माणसांचे जीव गेले. काडतुसातली दारू चिमूटभर असते. तरी तिच्याशी वागण्याचे नियम तितकेच कडक ठेवा.

चाप दाबला आणि नुसता "टक" आवाज आला, तर नळी लक्ष्याकडेच ठेवून तीस सेकंद थांबा. काही काडतुसं उशिरा पेट घेतात. त्यानंतर मॅगझिन काढा, मग स्लाइड ओढून काडतूस बाहेर टाका आणि ते रेंज अधिकाऱ्याकडे द्या. खिशात घालून घरी नेऊ नका.

बार निघाला पण आवाज फुसका आला, धक्का जाणवला नाही, तर तिथेच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते. पुढचा बार काढला तर नळी फुटेल. स्लाइड ओढून पुढचं काडतूस भरण्याची सवय इथे जीवघेणी ठरते. शस्त्र रिकामं करा, नळीत उजेड दिसतो का ते जाणकाराकडून तपासून घ्या.

अडकलेलं पिस्तूल हातात घेऊन मागे वळून "सर, हे बघा ना" असं कधीही करू नका. उजवा हात तसाच पुढे ठेवा आणि डावा हात वर करा. अधिकारी तुमच्याकडे येईल. "स्टॉप" ही आज्ञा कानावर पडली की बोट चापाबाहेर, मग चाप अर्धा दाबला गेलेला असो.

परतल्यावर हात साबणाने धुवा, मगच चहा घ्या. काडतुसांतलं शिसं हाताला लागलेलं असतं. रेंजवर लहान मुलांना टरफलं वेचायला देऊ नका.

निकाल कसा लावायचा

माझा निकष कडक आहे आणि तो तसाच हवा. शेवटच्या तीस काडतुसांत कारण न सापडलेला एकही अडथळा आला, तर ते शस्त्र बाळगू नका. कारण सापडलं, जसं की मॅगझिन नंबर दोनमध्येच अडतं, तर ते मॅगझिन बाजूला काढा आणि पुन्हा वीस झाडा. "आता सुटलं, चालेल" हा निकाल नव्हे.

जुन्या विदेशी पिस्तुलांबाबत आणखी सावध राहा. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खासगी व्यक्तींसाठी आयात बंद असल्याने ही पिस्तुलं हातोहात फिरलेली असतात आणि किमती मात्र चढ्या असतात. नावाला भुलू नका. स्प्रिंगा थकलेल्या असतात, सुटे भाग मिळत नाहीत. सौदा पक्का करण्याआधी परवानाधारक विक्रेत्याकडून तपासणी आणि शक्य असेल तिथे प्रत्यक्ष चाचणी मागा. नकार आला तर सौदा सोडा.

दुरुस्ती फक्त परवानाधारक शस्त्र कारागिराकडे. लेथवाल्याकडून नळी कापून घेणं किंवा शस्त्रावरचा नंबर घासणं गुन्हा आहे; पॉलिश करतानाही तो घासला जाऊ देऊ नका.

प्रत्येक चाचणीनंतर एका वहीत तारीख, रेंजचं नाव, झाडलेली काडतुसं आणि अडथळे लिहा. टरफलं जपून ठेवा, रेंजची पावती जोडा. नूतनीकरणाच्या वेळी काडतुसांचा हिशेब विचारला गेला तर ही वही तुमच्या बाजूने बोलते.

रोज बाळगताना

परदेशी चित्रफिती पाहून "लपवून बाळगलं तर गुन्हा होईल का" असं अनेक जण विचारतात. आपल्याकडे नियम नेमका उलटा आहे. शस्त्र नियम, २०१६ सांगतात की सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल अंगावरच्या होल्स्टरमध्ये किंवा तशा पिशवीत, पूर्ण झाकलेलं आणि तुमच्या ताब्यात असलं पाहिजे. कमरेला दिसेल असं लावून बाजारात फिरणं, टेबलावर काढून ठेवणं, कोणाला दाखवून धाक घालणं यांतून परवाना जाऊ शकतो.

खिशात ठेवणार असाल तर चाप झाकणारं होल्स्टर हवंच, आणि त्या खिशात किल्ली, नाणी, खर्ऱ्याची पुडी काही नको. होल्स्टरमधून काढण्याचा सराव घरी, रिकाम्या शस्त्रावर आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून करा. .२२ चं शस्त्र मात्र रिकामं झाडू नका, त्याची पिन खान्याच्या कडेवर आपटते. आपल्याकडचा मे महिना म्हणजे घाम आणि जुलै-ऑगस्ट म्हणजे दमट हवा. अंगावरचं पिस्तूल आठवड्यातून एकदा पुसून, तेलाचा अगदी पातळ हात देऊन ठेवा. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डमध्ये शस्त्र आणि काडतुसं सोडून जाऊ नका.

अभयारण्याजवळ राहणाऱ्यांसाठी

हा भाग भंडारा जिल्ह्यात फार कमी लोकांना माहीत आहे आणि त्याचीच गरज सर्वांत जास्त आहे. कोका, नागझिरा, उमरेड-पवनी-कऱ्हांडला या अभयारण्यांच्या दहा किलोमीटरच्या आत तुम्ही राहत असाल, तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चं कलम ३४ तुम्हाला लागू होतं. परवानाधारकाला आपलं नाव मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे नोंदवावं लागतं. या पट्ट्यात नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय मिळत नाही आणि नूतनीकरणाचीही त्या खात्याला सूचना द्यावी लागते. कलम ३१ नुसार अभयारण्यात परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही. सफारीला जाताना ते घरी कुलपात ठेवा. पवनी, साकोली, लाखनी आणि भंडारा तालुक्यांतल्या वाचकांनी आपलं गाव या पट्ट्यात येतं का, ते वन कार्यालयात विचारून घ्यावं.

तुमचे हक्क

- परवाना नाकारला तर शस्त्र कायद्याच्या कलम १४ नुसार कारणं लेखी नोंदवलेली असली पाहिजेत. मागितल्यावर त्यांचं थोडक्यात निवेदन मिळतं, सार्वजनिक हिताला बाधा येत असेल तेवढा अपवाद सोडून.
- नकार, निलंबन किंवा रद्द करण्याच्या आदेशाविरुद्ध कलम १८ खाली अपील करता येतं. मुदत मर्यादित असते, आदेश हातात पडल्याचा दिवस लिहून ठेवा.
- परवाना आता पाच वर्षांचा असतो. संपण्याच्या किमान दोन महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज द्या. मुदत संपलेल्या परवान्यावर शस्त्र घेऊन रेंजवर जाणंसुद्धा बेकायदा आहे.
- निवडणुकीच्या काळात सरसकट सगळ्यांची शस्त्रं जमा करणं अपेक्षित नाही. जिल्हास्तरीय छाननी समितीने प्रत्येकाचा विचार करून निर्णय घ्यायचा असतो. जमा करायला सांगितलं तर पावती घ्या, शस्त्राचा नंबर तिच्यावर बरोबर आहे का पाहा आणि निकालानंतर परत मागा.
- एका व्यक्तीला आता दोनच बंदुका ठेवता येतात. चाचणीत नापास झालेलं तिसरं शस्त्र "असू दे घरात" म्हणून ठेवता येणार नाही.

शस्त्र विकायचं किंवा बदलायचं ठरलं तर त्याच कायद्याच्या कलम ५ नुसार जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला लेखी कळवा आणि ४५ दिवस थांबा. तेवढ्या काळात रेंजवर नापास झालेलं पिस्तूल खिशात घालू नका. ते रिकामं करून कुलपात ठेवा आणि चाव्या स्वतःजवळ ठेवा.